धरणगावचे 'बेफिकीर' भिल्ल आणि इंग्रजीतली जुनी वेडगळ विशेषणं

गेल्या वर्षी प्रबंधाच्या एका प्रकरणाचा मसुदा मार्गदर्शकांकडे दिला होता. परत आला तेव्हा एका शब्दाभोवती लाल गोल होता आणि समासात एवढंच लिहिलं होतं, "यात सर्कस कुठून आली?" खानदेशातल्या शेतकऱ्यांबद्दलच्या एका जुन्या इंग्रजी वर्णनात 'क्लाउनिश' असा शब्द होता. मी त्याचं भाषांतर 'विदूषकी' केलं होतं आणि त्यावर एक अख्खा परिच्छेद रचला होता: साहेबाला आपला शेतकरी हास्यास्पद वाटायचा, तो त्याला करमणुकीचा विषय समजायचा वगैरे. परिच्छेद मला स्वतःला फार आवडला होता.

तो पूर्ण चुकला होता. 'क्लाउन' हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात आला तेव्हा त्याचा अर्थ होता खेडूत, रांगडा माणूस. शहरातल्या नाटकात हसवायला खेडवळ गडी आणायचे, म्हणून पुढे हसवणाऱ्यालाच क्लाउन म्हणू लागले. नाक लाल रंगवलेला सर्कशीतला माणूस त्याच्याही नंतरचा. पण जुना अर्थ मेला नव्हता, एकोणिसाव्या शतकातही तो पुस्तकी इंग्रजीत चालू होता. म्हणजे माझ्या साहेबाने फक्त 'गावंढळ' एवढंच म्हटलं होतं. तेही काही कौतुक नव्हे. पण मी ज्या गुन्ह्यासाठी त्याला धरलं होतं तो त्याने केलेला नव्हता.

मी मुळात विज्ञानशाखेची. प्रयोगशाळेत नवा तापमापक हातात आला की आधी बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात बुडवून तो खरं सांगतो की नाही ते बघायचं, मगच वही उघडायची, ही सवय एम.एस्सी.पर्यंत अंगवळणी पडलेली. दप्तरखान्यात गेल्यावर ती सवय कुठे गेली कोण जाणे. दोनशे वर्षांपूर्वीचा शब्द मी आजच्या अर्थाने सरळ वाचला. आकडे तपासले, तारखा तपासल्या, विशेषणं तपासली नाहीत. विशेषण म्हणजे काय, नामाच्या पुढे लावलेली शोभेची गोष्ट, असं आपल्याला वाटतं. पेटची तयारी करणारे, नाहीतर नुकतीच नोंदणी झालेले तुम्ही लोक हा मजकूर वाचताय, म्हणून आज फक्त त्या विशेषणांबद्दल. त्यातही एकाच घराण्याच्या: वेडगळ, उथळ, खुळचट, बेफिकीर माणसाला इंग्रज काय काय म्हणायचे, आणि त्यातलं आपल्या वाट्याला काय आलं.

आपल्यापैकी बहुतेकांची या शब्दांशी गाठ मोल्सवर्थच्या कोशात पडते. जेम्स मोल्सवर्थ हा मुंबई फौजेतला अधिकारी. थॉमस आणि जॉर्ज कँडी या भावांच्या आणि अनेक शास्त्री-पंडितांच्या मदतीने त्याने मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ मध्ये निघाला. वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि आजही आपण वापरतो ती तीच. पुण्यातून १९७५ मध्ये तिचं पुनर्मुद्रण झालं आणि आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती फुकट बघता येते. मराठी शब्द अडला की आपण तिथे टाकतो, समोर इंग्रजी विशेषणांची रांग येते, आणि त्यातलं ओळखीचं वाटेल ते आपण उचलतो. घोटाळा नेमका इथे होतो. कोशाच्या उजव्या बाजूचं इंग्रजी आपलं इंग्रजी नाही. ते १८२०-५० च्या काळातल्या, बायबल वाचून वाढलेल्या, छावणीत राहणाऱ्या इंग्रजाचं इंग्रजी आहे. मराठी शब्द जुना आहे हे आपल्या लक्षात येतं. इंग्रजी शब्दही तितकाच जुना आहे हे येत नाही.

'सिली' घ्या. आज शाळेतल्या मुलीला 'सिली गर्ल' म्हणतात, त्यात राग कमी आणि लाड जास्त असतो. पण हा शब्द सुरू झाला तो 'धन्य', 'देवाची कृपा असलेला' या अर्थाने. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ 'झेलिग' अजून त्याच अर्थाने आहे. इंग्रजीत मात्र धन्य माणूस आधी निष्पाप झाला, निष्पापाचा बिचारा झाला, बिचाऱ्याचा दुबळा झाला, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे दुबळ्याचा मूर्ख झाला. या पायऱ्या एकदम तुटत नाहीत. बरीच वर्षं दोन-तीन अर्थ एकाच घरात राहतात. १६११ च्या इंग्रजी बायबलात बायकांना हे विशेषण लावलंय, तिथे वेडगळपणापेक्षा दुबळेपणाकडे रोख जास्त आहे.

हे धरणगावला आणून बघू. इथे इंग्रज दोनदा येऊन राहिले. पहिल्यांदा १६७० च्या दशकात, कापडाच्या व्यापारासाठी. तेव्हा इथे कंपनीची वखार होती आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांत ती लुटलीही गेली. दुसऱ्यांदा १८१८ मध्ये पेशवाई गेल्यानंतर, राज्यकर्ते म्हणून. वखारीतल्या कारकुनाने एखाद्या विणकराला 'सिली' लिहिलं असतं तर त्याचा अर्थ 'बापडा' असण्याची बरीच शक्यता होती. १८२५ च्या लष्करी अधिकाऱ्याने तेच लिहिलं असतं तर अर्थ जवळपास आजचा. गाव एक, शब्द एक, मधे दीडशे वर्षं. कागदावरची तारीख बघितल्याशिवाय शब्द वाचता येत नाही तो असा.

आणि ही काही इंग्रजीचीच खोड नाही. आपल्याकडचं उदाहरण तर जास्त झणझणीत आहे. सम्राट अशोक आपल्या लेखांत स्वतःला 'देवानंपिय' म्हणवतो, देवांचा लाडका. संस्कृतात तोच शब्द 'देवानांप्रिय', आणि पुढच्या काळातल्या वैयाकरणांनी त्याचा अर्थ दिलाय: मूर्ख. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी तर हा अर्थ नियमातच नोंदवला. ब्राह्मणी परंपरेने बौद्ध राजाची पदवी अशी उलटवली, असं काही अभ्यासक म्हणतात. देवाचा लाडका तो यज्ञातला पशू, म्हणून बुद्धीने पशूसारखा, असं दुसरं स्पष्टीकरण. मला या वादात पडायचं नाही. पण १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी अक्षरं उलगडली तेव्हा समोर हीच पदवी आली होती, आणि हा देवांचा लाडका नेमका कोण हे आधी कळेना. शेजारी सिंहलद्वीपातल्या पाली ग्रंथांनी वाट दाखवली, आणि १९१५ मध्ये मस्कीच्या शिलालेखात पदवीबरोबर अशोकाचं नावही सापडलं. आता कल्पना करा, कुणी फक्त व्याकरणातला अर्थ धरून तो लेख वाचायला बसलं असतं तर! मूर्ख राजाने हा लेख कोरवला, असं भाषांतर झालं असतं. माझ्या विदूषकी शेतकऱ्यासारखंच.

धन्य माणसाचा मूर्ख होतो याचं कारण मला असं वाटतं: ज्याला हिशेब कळत नाही त्याला आपण आधी देवावर सोडतो आणि मग हसतो. 'देवभोळा' मध्ये अजून थोडी माया आहे, 'भोळसट' मध्ये ती उरलेली नाही. शंकराला भोळा म्हणतात, शेजाऱ्याला म्हटलं तर तो भांडायला येईल.

या घराण्यातले बाकीचे शब्द बघायला मजा येते, त्यामुळे जरा रमते. 'गिडी' म्हणजे आज भोवळ आलेला किंवा उथळ, नाचरा. मुळात त्याचा अर्थ होता ज्याच्या अंगात देव संचारलाय असा, 'गॉड' या शब्दाशीच त्याचं नातं. आपला 'पिसाट' पिशाचावरून आला, म्हणजे जवळजवळ तीच वाट, फक्त अंगात येणारा वेगळा. 'फूल' हा लॅटिनमधल्या भात्याच्या शब्दावरून, लोहाराचा हवा फुंकायचा भाता. डोक्यात नुसता वारा, असा भाव. आणि आपला 'बावळा' संस्कृतातल्या 'वातुल'शी जोडतात, वाताने, वाऱ्याने बिघडलेला. बंगालचे 'बाउल' त्याच कुळातले, त्यांनी मात्र या नावाचा मान केला. रोम आणि महाराष्ट्र, दोघांनाही मूर्खाच्या डोक्यात वाराच दिसला. 'अ‍ॅडल-पेटेड' म्हणजे ज्याचं डोकं नासक्या अंड्यासारखं झालंय असा. 'हेअर-ब्रेन्ड' म्हणजे सशाच्या डोक्याचा, पण लोकांनी त्याला 'केसाच्या डोक्याचा' असंही समजून लिहिलं, कारण दोन्ही शब्द ऐकायला सारखे. आम्ही लहानपणी 'डोक्यात बटाटे भरलेत का' ऐकलं, त्यामानाने अंडं बरं.

मराठीची खास आवड मात्र पाणी. उथळ माणूस, पाणचट विनोद, आणि 'थिल्लर'. थिल्लर हा शब्द आज कॉलेजच्या पोरांसाठी आणि सिनेमांसाठी राखून ठेवलाय, पण जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे डबकं, साचलेलं थोडं पाणी. चंद्राचं प्रतिबिंब सागरात पडतं तसंच थिल्लरातही पडतं, अशा दृष्टांतांत तो यायचा, शिवी म्हणून नाही. कापणीनंतर विहिरीचा तळ दिसणाऱ्या मुलखात कमी पाण्याला नाव ठेवलं जाणं साहजिकच म्हणायचं.

संशोधकांसाठी राखीव शिवीसुद्धा आहे. 'डन्स' म्हणजे ढ. हे नाव जॉन डन्स स्कोटस या तत्त्वज्ञाचं. तो १३०८ मध्ये वारला, त्याच्या काळातला फार मोठा पंडित. दोन-अडीचशे वर्षांनी नव्या विद्येच्या लोकांना त्याचे अनुयायी केस चिरत बसणारे आणि नवीन काही न शिकणारे वाटू लागले, आणि त्याच्या नावावरूनच मठ्ठाला शब्द निघाला. रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं दिल्यावर पढतमूर्खासाठी स्वतंत्र समास ठेवला आहे. तो आपण सगळ्यांनी नोंदणीच्या वेळी वाचावा असं माझं मत, पण तो वेगळा विषय.

आता मुद्द्याचं. ही विशेषणं सगळ्यांना सारखी वाटली जात नाहीत. इंग्रजीत 'गिडी', 'फ्लायटी', 'फ्लिबर्टीजिबेट' हे शब्द बहुतेक बायकांसाठी, तरुण पोरींसाठी. मराठीत 'उठवळ', 'चवचाल', 'नखरेल' यांचं पुल्लिंगी रूप वापरलेलं शेवटचं कधी ऐकलंत? पुरुष वायफळ बोलला तर तो गप्पिष्ट. 'क्लाउन' शेतकऱ्यासाठी, 'गावंढळ' गावकऱ्यासाठी. ग्रीक भाषेत 'इडिओटेस' म्हणजे सार्वजनिक कामात भाग न घेणारा, खासगी माणूस, आणि त्याचा पुढे 'इडियट' झाला. म्हणजे सभेत बसणाऱ्यांनी सभेबाहेरच्यांना दिलेलं नाव. या शब्दांचा इतिहास बघताना मला सारखं हेच दिसतं: विशेषण ज्याला लावलंय त्याच्याबद्दल थोडं सांगतं, लावणारा कुठे उभा आहे ते मात्र पुरतं सांगतं.

हे माझ्या खूप आधी, आणि माझ्यापेक्षा खूप धारदारपणे, आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या एका बाईंनी दाखवून दिलं. ताराबाई शिंदे. त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटं पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाईंनी काय केलं? बायकांना लावली जाणारी दूषणं एकेक करून उचलली आणि विचारलं, हे तुमच्यात नाही का? चंचल म्हणता, अविचारी म्हणता, कपटी म्हणता, मग लाच कोण खातं, खोट्या साक्षी कोण देतं, एक बायको घरात असताना दुसरी कोण आणतं? विशेषण त्यांनी नाकारलं नाही. ते उचलून बोलणाऱ्याच्या कपाळाला लावून बघितलं, बसतं का ते. आम्हाला प्रयोगशाळेत शिकवतात तो 'कंट्रोल' हाच: एकाच मापाने दोन्ही बाजू मोजा. ताराबाईंना त्या काळी कुणी फारसं जवळ केलं नाही, जोतीराव फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली.

हा प्रश्न मनात धरून आता धरणगावची गोष्ट.

खानदेश इंग्रजांच्या हातात आला तेव्हा सातपुडा, सातमाळा आणि पश्चिमेकडचे डोंगर भिल्लांच्या टोळ्यांनी धगधगत होते. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इथला पहिला मोठा अधिकारी. फौजा पाठवून झाल्या, डोंगरातून माणसं धरून आणून झाली, तोडगा निघेना. १८२५ मध्ये एल्फिन्स्टनच्या सरकारने धोरण बदललं. भिल्लांसाठी वेगळे एजंट नेमले आणि भिल्लांचीच एक पलटण उभारायचं ठरवलं. ते काम दिलं जेम्स आउट्रम नावाच्या लेफ्टनंटला. वय बावीस. पलटणीचं ठाणं धरणगाव. तो जवळपास दहा वर्षं, १८३५ पर्यंत खानदेशात होता. त्याच्या चरित्रकारांनी हा काळ फार रंगवून लिहिलाय: त्याने आधी डोंगरात चढाया केल्या, मग पकडलेल्यांच्या नातलगांमार्फत बाकीच्यांशी बोलणी लावली, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, त्यांच्यात उठला-बसला. चरित्रांत शौर्य नेहमी थोडं जास्त असतं, तेवढं वजा करून वाचावं. पण पलटण उभी राहिली, टिकली, आणि पुढे अनेक वर्षं खानदेशाचा बंदोबस्त तिने केला, हे खरं.

आता याच काळातली आणि यानंतरची इंग्रजी वर्णनं बघा. कॅप्टन ग्रॅहमने १८४३ मध्ये खानदेशातल्या भिल्लांवर टिपण लिहिलं, ते १८५६ मध्ये सरकारी दप्तरांच्या मालिकेत छापलं गेलं. १८८० मध्ये कॅम्पबेलच्या संपादनाखाली खानदेशाचं गॅझेटियर आलं. चरित्रं आहेत, शिकारकथा आहेत. त्या काळातल्या अशा लेखनात भिल्लांसाठी ठरलेली विशेषणं पुन्हा पुन्हा भेटतात: बेफिकीर, उधळे, आजचं आज बघणारे, लहान मुलासारखे, मौजी. आणि त्याच लेखनात पलटणीतल्या भिल्लासाठी दुसरी रांग: विश्वासू, काटक, शब्दाला जागणारा. माणूस तोच. धरणगावच्या छावणीत शिरला की रांग बदलते. पगारावर असला की इमानी, डोंगरात असला की पोरकट.

'पोरकट' हे निरुपद्रवी वाटतं, म्हणून त्यावर थांबते. एखाद्याला शत्रू म्हटलं तर त्याच्याशी तह करावा लागतो, त्याचा हक्क काय ते बघावं लागतं. लहान मूल म्हटलं की त्याच्या वतीने दुसरं कुणीतरी ठरवणार हे ओघानेच आलं. जंगलावर हक्क कुणाचा, घाटात जकात घ्यायची जुनी वहिवाट कुणाची, गावाच्या राखणीबद्दल मिळणारं ठरलेलं धान्य का बंद झालं, हे प्रश्न भिल्लांच्या बाजूने अगदी हिशेबाचे होते. पण मूल हिशेब मागत नाही, हट्ट करतं. विशेषणाने मागणीचा हट्ट करून टाकला.

आणि मग १८५७ येतं. सेंधव्याच्या घाटाची राखण करायला सरकारी चाकरीत राहिलेला खाज्या नाईक उठतो. नोव्हेंबरात इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे ७ लाखांचा सरकारी खजिना घाटात लुटला जातो. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला सरकारी फौजेशी मोठी लढाई होते, तिच्यात भिल्ल बायकाही होत्या. खजिना कोणत्या दिवशी कोणत्या चौकीवरून जाणार हे कळणं, माणसं जमवणं, माल पळवणं, आणि पुढचे महिनोन् महिने डोंगर लढता ठेवणं, ही आजचं आज बघणाऱ्यांची कामं नाहीत. ज्या कागदांत हा उठाव नोंदलाय तेच कागद विशेषण म्हणून 'बेफिकीर' देत असतील, तर संशोधकाने क्रियापदावर विश्वास ठेवावा. त्यांनी काय केलं ते क्रियापदात असतं. साहेबाला काय वाटलं ते विशेषणात.

हाच खेळ शेतकऱ्याच्या बाबतीत झाला, आणि तिथे पैशाचा सरळ संबंध होता. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. शेतकरी कर्जात का बुडाला, या प्रश्नाला तयार उत्तर होतं: तो उधळा आहे, लग्नाकार्यात पैसा उडवतो. इंग्रजीतलं विशेषण 'इम्प्रॉव्हिडंट', म्हणजे पुढचं न बघणारा. हे उत्तर सोयीचं होतं, कारण ते खरं मानलं तर शेतसारा किती आणि तो कधी भरायचा याकडे कुणी बघायला नको. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र कर्जाची कारणं तपासली आणि लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय, असं नोंदवलं. सरकारी आयोगानेच सरकारी विशेषण खोडलं. तरीही ते मेलं नाही. शेतकरी आत्महत्यांवरच्या आजच्या चर्चेत लग्नं, मोबाइल, मोटारसायकल हे शब्द कुणाच्या तोंडून येतात ते ऐका.

खुद्द खानदेशात १८५२ मध्ये सावदा, यावल, एरंडोल भागातले शेतकरी नव्या जमीनमोजणीविरुद्ध उठले होते. धरणगाव तेव्हा एरंडोलच्याच बाजूला. मोजणी झाली की सारा वाढणार ही भीती होती. अशा उठावांची वर्णनं वाचताना 'भाबडे', 'अडाणी', 'कुणाच्या तरी भरीला पडलेले' या अर्थाचे शब्द दिसले की मी आता पेन्सिलीने खूण करते. सारा वाढेल अशी शंका येणं यात भाबडं काय आहे?

काही विशेषणं त्याहून पुढे जाऊन कायद्यात बसली. 'इडियट' हा इंग्रजी कायद्यातला जुना पारिभाषिक शब्द: जन्मापासून समज नसलेला तो इडियट, समज असून नंतर गेलेला तो ल्युनॅटिक. आपल्याकडे १९१२ च्या वेड्यांसंबंधीच्या कायद्यातही हा शब्द होता, आणि तो कायदा १९८७ चा नवा कायदा लागू होईपर्यंत पुस्तकात राहिला. अमेरिकेत १९१० मध्ये हेन्री गोडार्डने 'मोरॉन' हा शब्द ग्रीकवरून मुद्दाम घडवला, बुद्धिमापनाच्या कोष्टकात वरच्या पायरीसाठी. खाली इम्बेसाइल, त्याखाली इडियट. कोष्टकात आकडे होते, मानसिक वय होतं, म्हणून लोकांना ते शास्त्र वाटलं. दहा-वीस वर्षांत तिन्ही शब्द रस्त्यावर शिव्या म्हणून फिरू लागले. मराठीत 'मतिमंद' हा शब्द सौम्य, सरकारी आणि सहानुभूतीचा म्हणून आला, आणि शाळेच्या मैदानावर त्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'बौद्धिक अक्षमता' धरली आहे. तीही किती वर्षं टिकते बघायचं.

याचा अभ्यासात त्रास कुठे होतो, तर जुन्या जनगणनेत. १८८१ पासून १९३१ पर्यंत हिंदुस्थानच्या शिरगणतीत व्यंगांची नोंद होत असे: आंधळे, बहिरे-मुके, कुष्ठरोगी आणि चौथा रकाना वेड्यांचा. आकडे जिल्हावार मिळतात. आमच्यासारख्या विज्ञानातून आलेल्यांना हे दिसलं की तोंडाला पाणी सुटतं, लगेच आलेख काढायचा मोह होतो. मीही काढला होता. पण चौथ्या रकान्यात कुणाला घालायचं हे घरोघरी फिरणाऱ्या गणकाने ठरवलं, बहुधा घरच्यांना किंवा पाटलाला विचारून. गावात ज्याला 'येडं' म्हणतात तो वेडा की भोळा, की नुसता चारचौघांत न मिसळणारा? रकान्यात आकडा पडला, पण त्या आकड्याच्या पोटात विशेषणच बसलंय. आंधळ्यांच्या रकान्याइतका भरवसा या रकान्यावर ठेवू नका.

प्रत्यक्ष काम करताना मी काय करते ते सांगून टाकते, कारण मेलवर हेच विचारलं जातं. वहीत विशेषणांसाठी वेगळं पान ठेवते. शब्द, कागदाची तारीख, लिहिणारा कोण, कुणासाठी लिहिलं, आणि त्या वाक्यात क्रियापद कोणतं. शब्दाचा अर्थ आजच्या कोशात बघत नाही. शब्दांच्या अर्थांचा काळानुसार इतिहास देणारा मोठा ऑक्सफर्ड कोश विद्यापीठाच्या ग्रंथालयातून बघता येतो का ते आधी विचारते, नाहीतर निदान त्याच काळातला कोश. इंग्रजी-मराठी बाजूने बघायचं असेल तर कँडीने १८४७ मध्ये पुरा केलेला कोश आहे, तिथे इंग्रजी शब्द त्या काळच्या मराठीत काय होता ते कळतं. आणि शेवटी ताराबाईंचा प्रयोग: लिहिणाऱ्याने हेच विशेषण स्वतःच्या माणसांना कधी लावलंय का? बाजार भरल्यावर दारू पिणारा भिल्ल बेफिकीर आणि मेसमध्ये पिणारा अधिकारी दिलखुलास, असं निघालं तर टिपणाला एक ओळ वाढते. याला वेळ लागतो. एका अहवालाला मला तीन आठवडे लागले आणि हाती आलं दीड पान.

'क्लाउनिश' चं मी 'खेडवळ' केलं आणि तो आवडता परिच्छेद काढून टाकला. नवा मसुदा मागच्या आठवड्यात परत आला. त्या जागी आता खूण नाही. दोन पानं पुढे, भिल्लांच्या वर्णनातल्या 'सिम्पल' साठी मी 'साधे' लिहिलंय, त्याच्याभोवती मात्र नवा लाल गोल आहे.